कोतवाल बुकातला ‘ताप’ : जुन्या मृत्यूनोंदींतील आजारांची नावे कशी वाचावीत

२०२३ साली मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी आपल्या गावाचे जन्म-मृत्यूचे जुने दप्तर प्रथमच डोळ्यांनी पाहिले. शोध होता तो जातीच्या रकान्यातील ‘कुणबी’ या एका शब्दाचा. तो सापडला की नक्कल घ्यायची आणि वही मिटायची, असा शिरस्ता होता. त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो, मरणाच्या कारणाचा. वंशावळ लिहिणाऱ्याला खरे तर तो अधिक बोलका वाटावा, परंतु त्यातले ‘ताप’, ‘वाखा’, ‘आकडी’ असे शब्द एक तर अगदीच सोपे वाटतात किंवा अजिबात उलगडत नाहीत, आणि दोन्ही प्रकारांत वाचक चुकतो. हा लेख अशी नोंद प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी : एक ओळ नव्हे, वही मिळवा

ग्रामीण महाराष्ट्रातील जन्म-मृत्यूची जुनी वही ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखली जाते. बोलीत तिला कोतवाल बुक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या अशा वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि अर्ज करून त्यांची नक्कल मिळते. शहरांत हे दप्तर नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे असते. अलीकडे काही जिल्ह्यांनी अशी पाने संकेतस्थळांवर ठेवली आहेत, पण ती कुणबी नोंद आहे म्हणून निवडलेली पाने असतात. आपल्या कामाला त्या पानाच्या मागची-पुढची पानेही लागतात. त्यामुळे अर्ज करतानाच केवळ आपल्या पूर्वजाची ओळ न मागता निदान त्या वर्षाची सगळी पाने पाहण्याची परवानगी मागावी. याचे कारण पुढे येईल.

येथे एक अडथळा आधीच सांगून ठेवतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे आणि त्याच्या कलम १७ नुसार मृत्यूनोंदीचा जो उतारा दिला जातो, त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. म्हणून आजोबांचा मृत्यू १९८० साली झाला असेल, तर त्यांच्या मृत्यू प्रमाणपत्रावर कारण नसणारच; तो कारकुनाचा आळस नव्हे. अशा वेळी घरातील कागद, म्हणजे रुग्णालयातून मिळालेली कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत, विम्याचे कागद किंवा औषधांच्या चिठ्ठ्या, हाच आधार राहतो.

दुसरी पायरी : आधी उतरवून घ्या, अर्थ नंतर लावा

वहीत जे अक्षर दिसते ते जसेच्या तसे उतरवावे. ‘हगवन’ लिहिले असेल तर ‘हगवण’ असे सुधारू नये आणि ‘पटकी’च्या जागी ‘कॉलरा’ तर मुळीच लिहू नये. नोंद मोडी लिपीत असल्यास अधिक जपावे लागते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, शब्द सुटे करून लिहिलेले नसतात आणि अनुस्वार लेखकाच्या मर्जीवर असतो. एखादा शब्द अडला, तर मोडीच्या बाराखडीपेक्षा त्याच लेखकाच्या त्याच वर्षाच्या इतर नोंदी अधिक उपयोगी पडतात. कारणाच्या रकान्यात तेच आठ-दहा शब्द पुनःपुन्हा येतात. एका ठिकाणी घाईत लिहिलेला ‘देवी’ दुसऱ्या ठिकाणी सावकाश लिहिलेला सापडतो, आणि मग पहिलाही वाचता येतो.

मराठवाड्यातील वाचकांनी हे लक्षात ठेवावे की १९४८ पूर्वीचे निजामी दप्तर पुष्कळदा उर्दूत आहे. तेथे पटकीला ‘हैजा’, देवीला ‘चेचक’, प्लेगला ‘ताऊन’, आमांशाला ‘पेचिश’ आणि क्षयाला ‘दिक’ असे शब्द येतात. सनही फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा, असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळपास पोहोचता येते, मात्र वर्षारंभ जानेवारीत नसल्याने एका वर्षाचा फरक गृहीत धरावा.

तिसरी पायरी : हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे, ते पाहा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत अधिक वगळली जाणारी पायरी हीच. खेड्यातील नोंदीमागे डॉक्टर नव्हता. घरातील कोणी तरी कोतवालाला सांगितले, कोतवालाने पाटलाला सांगितले आणि लिहिता येणाऱ्याने ते वहीत चढवले. लिहिणाऱ्यासमोर वरून ठरवून आलेली थोडीशीच शीर्षके होती. मुंबई इलाख्याच्या आरोग्य खात्याला वर्षअखेरीस पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा आणि ‘इतर’ अशा मोजक्या सदरांत आकडे हवे असत. पुढे त्यांत प्लेगची आणि श्वसनाच्या विकारांची भर पडली. म्हणजे वहीतला शब्द हे निदान नसून खण आहे आणि मृत्यू कोणत्या ना कोणत्या खणात टाकणे भाग होते.

यातून सरळ निष्कर्ष निघतो. पटकी, देवी आणि सर्पदंश ही कारणे अडाणी माणसालाही ओळखता येत, कारण त्यांचे रूप झाकत नाही. म्हणून या नोंदींवर बराच भरवसा ठेवता येतो. ‘ताप’ हा मात्र सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा खण. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाची सूज, बाळंतपणातील जंतुदोष, इन्फ्लुएन्झा आणि लपवलेला प्लेग, हे सगळे त्यात सापडतात. दुष्काळात उपाशी माणसे हगवणीने किंवा तापाने जात, आणि नोंदही तशीच होई. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातील पाने वाचताना ‘उपासमार’ हा शब्द शोधत बसलात तर गावात कोणी उपासमारीने मेलेच नाही असे वाटेल.

चौथी पायरी : शब्दाचा त्या काळचा अर्थ लावा

येथे आजचा शब्दकोश दगा देतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची असल्याने तो त्या काळच्या बोलण्याच्या जवळ आहे आणि तो जालावर विनामूल्य पाहता येतो.

पटकीची नावे सर्वांत अधिक आहेत : पटकी, महामारी, वाखा, जरीमरी, नुसतेच ‘मरी’, आणि वर्णनाने ‘ढाळ-वांती’. ‘मरी’ व ‘महामारी’ हे शब्द कधी कधी कोणत्याही मोठ्या साथीला लावले जातात, तेव्हा पुढच्या पायरीने खात्री करावी लागते. ‘मोडशी’ हा शब्द आज आपण पोट बिघडण्यापुरता वापरतो, पण त्याचा इतिहास भयंकर आहे. गोव्यातील पोर्तुगीजांनी या शब्दाचे ‘मोर्देशीं’ केले, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे रूप केले. जुन्या कागदात कोणी ‘मोडशीने’ गेले असेल, तर ते अपचनाने गेले असे समजू नये.

तापांच्या नावांत ‘हिवताप’ किंवा ‘हीव भरून ताप’ म्हणजे बहुधा मलेरिया, आणि ‘मुदतीचा ताप’ म्हणजे बहुधा टायफॉइड. ‘विषमज्वर’ हा मात्र दुहेरी शब्द आहे. आजच्या वैद्यकीय मराठीत तो टायफॉइडसाठी रूढ आहे, तर आयुर्वेदात अनियमित चढ-उतार असणाऱ्या, एकाआड एक दिवस येणाऱ्या तापांना विषमज्वर म्हणतात आणि त्यांत आपला मलेरिया बसतो. लिहिणारा वैद्य होता की नगरपालिकेचा कारकून, यावर अर्थ ठरतो. ‘वात झाला’ किंवा ‘सन्निपात’ म्हणजे तापात बडबड, बेशुद्धी. तो रोग नसून शेवटची अवस्था आहे. ‘ग्रंथिक सन्निपात’ असे दोन शब्द जोडून आले, तर मात्र तो प्लेग. १८९६ नंतरच्या मराठी वृत्तपत्रांत प्लेगला हे नाव सर्रास दिसते.

दिसायला सारखे आणि अर्थाने दूर असे काही शब्द वंशावळीत मोठा घोळ घालतात. ‘महामारी’ म्हणजे साथ, परंतु ‘महारोग’ म्हणजे कुष्ठरोग. बोलीतील ‘रक्तपिती’ म्हणजेही कुष्ठरोग. वैद्याच्या लेखणीतला ‘रक्तपित्त’ मात्र नाकातोंडातून रक्त जाण्याचा विकार. ‘परमा’ हा प्रमेहाचा अपभ्रंश असला तरी व्यवहारात तो गुप्तरोगासाठी वापरला जाई, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात मधुमेह पूर्वीपासून आहे’ असे त्यावरून ठरवू नये. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात. ‘अंगावर जाणे’ म्हणजे स्त्रीचा रक्तस्राव किंवा पांढरे जाणे. एका ‘वारे’ शब्दाने आजार बदलतो. आणि ‘पान लागले’ हे वाचून कोणी विड्याच्या पानाचा विचार करू नये. सापाचे नाव तोंडाने न घेण्याची ती रीत आहे, आणि त्याचा अर्थ सर्पदंश.

लहान मुलांच्या नोंदी वाचवत नाहीत, इतक्या असतात. ‘देवी’ म्हणजे अर्थातच देवीचा रोग. ‘गोवर’ आणि ‘कांजिण्या’ यांचे अर्थ आजचेच. मुंबईत १४ जून १८०२ रोजी भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली, तरी खेडोपाडी देवीचे मृत्यू पुढे दीडशे वर्षे नोंदले जात राहिले. त्यामुळे १९४० च्या नोंदीत ‘देवी’ दिसली म्हणून ती चूक ठरत नाही. ‘घटसर्प’ म्हणजे डिप्थीरिया. ‘मुडदूस’ आज पाठ्यपुस्तकात ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग म्हणून शिकवतात, पण जुन्या नोंदीत कोणत्याही कारणाने झडत, सुकत गेलेल्या मुलाला तो शब्द लावलेला असू शकतो. ‘आकडी’ हे केवळ लक्षण आहे. तथापि मूल चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचे असेल आणि कारण ‘आकडी’ किंवा ‘धनुर्वात’ असेल, तर नाळ कापताना झालेल्या जंतुसंसर्गाने आलेला धनुर्वात हाच पहिला तर्क करावा. पाचवीच्या आणि सहाव्या रात्रीच्या सटवाईची भीती ज्या दिवसांभोवती दाटलेली आहे, तेच हे दिवस होत, हा मला योगायोग वाटत नाही.

बायकांच्या बाबतीत ‘बाळंतरोग’, ‘सुवारोग’, ‘सूतिकाज्वर’ हे शब्द बाळंतपणानंतरच्या आजारांचे आहेत. त्याहून अधिक वेळा मात्र नुसते ‘ताप’ किंवा ‘सूज’ असते. म्हणून विशी-तिशीतील स्त्रीचा मृत्यू दिसला की त्याच वहीच्या जन्माच्या भागात मागचे दोन महिने त्या घरी जन्म नोंदला आहे काय, हे पाहावे. तसा जन्म सापडला की ‘ताप’ या शब्दाचा अर्थ एकदम बदलतो.

क्षयाचा शब्द उघडपणे क्वचित येतो. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, हे इतिहासाने मोकळेपणाने सांगितले; पण उपवर मुली असलेल्या साध्या घराला तशी मोकळीक नव्हती. ‘खोकला’, ‘दमा’, ‘जीर्णज्वर’, ‘अशक्तपणा’ यांच्याआड तो असू शकतो. मृत व्यक्ती तरुण असेल आणि त्याच घरात दोन-चार वर्षांत तसाच दुसरा मृत्यू असेल, तर शंका घ्यावी. एकट्या नोंदीवरून घेऊ नये.

पाचवी पायरी : महिना, वय आणि शेजारच्या ओळी

आता सगळी पाने का मागायची, ते सांगतो. आमच्या घरी एक पणजी ‘मानमोडीत गेली’ असे सांगत. वहीत तिच्या नावापुढे ‘ताप’ एवढेच होते, आणि कोणी तरी आठवणीत गफलत केली असावी असे मला प्रथम वाटले. मग ती ओळ सोडून पान पाहिले. एरवी महिन्याला तीन-चार मृत्यूंच्या त्या गावात एका महिन्यात पाने भरली होती, आणि बहुतेक ओळींत वय वीस ते चाळीस, कारण ‘ताप’. साल होते १९१८ आणि महिना ऑक्टोबर.

मानमोडी हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे मराठी नाव. ही साथ मुंबईत जूनमध्ये शिरली, पण तिची संहारक लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली आणि भारतात तिने सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बळी घेतले, असे अंदाज आहेत. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. या साथीने धडधाकट तरुणांना नेले, आणि भारतात पुरुषांपेक्षा बायका अधिक गेल्या. वहीत या रोगासाठी खण नव्हता, म्हणून ती सगळी माणसे ‘तापा’त गेली. वर्ष, महिना, वय आणि शेजारच्या ओळी, या चार गोष्टी जुळल्या, तर ‘ताप’ या शब्दापुढे ‘बहुधा १९१८ चा इन्फ्लुएन्झा’ असे लिहायला हरकत नाही.

प्लेगची गोष्ट वेगळी, कारण तेथे लपवालपवी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला होता, आणि घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण यांनी लोक इतके धास्तावले होते की गाठ आलेला माणूस घरात दडवून ठेवीत. त्यामुळे पुढच्या वीसएक वर्षांतील ‘ताप’ जपून वाचावा. एकाच घरात आठवड्याच्या आत दोन-तीन मृत्यू, सर्व वयांत, आणि त्याच सुमारास गाव माळावर झोपड्या बांधून राहायला गेल्याची घरातील आठवण असेल, तर तो प्लेग असण्याचा संभव मोठा. उलट, मृत्यूंची संख्या वहीत अचानक थांबलेली दिसली, तर गाव उठून गेल्यामुळे नोंदच झाली नसेल, हेही ध्यानात घ्यावे.

पटकीची ओळख सोपी असते : ती थोड्या दिवसांत येऊन जाते, एका वस्तीत किंवा एका पाणवठ्याभोवती बळी घेते, आणि पुष्कळदा यात्रेहून परतलेल्या माणसांपासून सुरू होते. आषाढी वारीनंतरच्या आठवड्यांची पाने त्या दृष्टीने पाहावीत. पावसाळा सरल्यावर सुटे-सुटे, सर्व वयांतले तापाचे मृत्यू दरवर्षी दिसत असतील, तर ते मलेरियाचे गाव समजावे.

सहावी पायरी : शहरी आणि गोमंतकीय नोंदी

मुंबई-पुण्याच्या नगरपालिकांच्या नोंदी इंग्रजीत असतात आणि डॉक्टरी शब्दांमुळे त्या अधिक नेमक्या वाटतात, पण त्यांतलेही कित्येक शब्द आज मोडीत निघाले आहेत. ‘थायसिस’ आणि ‘कन्झम्प्शन’ म्हणजे फुप्फुसाचा क्षय; ‘एग्यू’ म्हणजे थंडी वाजून येणारा ताप; ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावरची सूज, जिचे मूळ हृदयात, मूत्रपिंडात किंवा यकृतात असू शकते; ‘अपोप्लेक्सी’ म्हणजे मेंदूतील झटका; ‘मरॅस्मस’ म्हणजे मुलाचे झडणे. ‘डेबिलिटी’ म्हणजे काही कळले नाही, असे समजावे. ‘रेमिटंट फीव्हर’ म्हणजे कमी होऊनही पुरता न उतरणारा ताप. प्लेगच्या वर्षांत हा शब्द पुष्कळांना सोयीचा होता.

गोव्यात चर्चच्या दफनवह्या आणि पुढे पोर्तुगीज नागरी नोंदणी, असे दोन स्रोत आहेत. ‘फेब्र’ म्हणजे ताप, ‘बेशिगश’ म्हणजे देवी आणि ‘तीझिका’ म्हणजे क्षय. चर्चच्या वहीत कारणापेक्षा अखेरचे संस्कार मिळाले की नाही, याला अधिक महत्त्व असते. ते मिळाले नसल्याची नोंद असेल, तर मृत्यू अचानक आला असावा, एवढा तर्क करता येतो.

१९६९ नंतरचे डॉक्टरी प्रमाणपत्र घरात सापडले, तर ते खालून वर वाचावे. त्यात वरच्या ओळीत प्रत्यक्ष मृत्यू घडवणारी अवस्था आणि तिच्या खाली ती कशामुळे आली, ते क्रमाने लिहायचे असते. मूळ रोग सर्वांत खालच्या ओळीत असतो. वर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले आहे म्हणून घराण्यात हृदयविकार आहे असे ठरवू नये, कारण हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो.

सातवी पायरी : टिपण कसे ठेवावे

प्रत्येक व्यक्तीसाठी तीन रकाने करावेत : वहीतला शब्द जसाचा तसा, त्याचा त्या काळचा अर्थ, आणि आपला तर्क. तर्कापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘शंकास्पद’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि तो कशावरून काढला, ते एका वाक्यात नोंदवावे. उदाहरणार्थ, ‘त्याच महिन्यात गावात तापाचे एकोणीस मृत्यू’. वहीचे गाव, वर्ष आणि पान क्रमांक लिहायला विसरू नये. आनुवंशिक आजारासाठी डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगायचा असेल, तर फक्त ‘निश्चित’ रकाना सांगावा आणि तो बहुतेक वेळा आखूड असेल, याची तयारी ठेवावी.

‘विहिरीत पडून’, ‘भाजून’, ‘विष पोटात जाऊन’ अशा इजेच्या नोंदींवर मात्र तर्काचा रकाना कोराच ठेवावा. त्या शब्दांमागे अपघात होता, आत्मघात होता की आणखी काही, हे वहीवरून ठरवता येत नाही. पोलीस पाटलाचा पंचनामा उपलब्ध असेल तरच पुढे जावे. आणि ती व्यक्ती कोणाची आई किंवा बहीण म्हणून अजून आठवणीत असेल, तर नक्कल सर्वांना पाठवण्यापूर्वी त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी एकट्याने दाखवावी.